तुमचे १४ मिमी आणि वहिनींचे ६

पत्र थोडक्यात असं आहे. वाचक भगिनीचं वय ४७, राहायला ठाण्यात घोडबंदर रोडला, नोकरी पतपेढीत. गेले आठ-नऊ महिने पाळी पुढे पुढे जातेय. मागच्या वेळी अडीच महिने आलीच नाही आणि आली ती पंधरा दिवस थांबली नाही, गाठीही पडल्या. रक्तस्राव सुरू होण्याच्या दोन दिवस आधी पोटावरून सोनोग्राफी झाली होती, तीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी १४ मिमी आली. मोबाइलवर शोधलं तर ‘४ मिमीच्या वर कॅन्सरची शंका’ असं वाचायला मिळालं आणि तेव्हापासून झोप उडाली आहे. जवळच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. यजमान म्हणतात, घाई नको, दर महिन्याला सोनोग्राफी करून बघत राहू. पत्राच्या शेवटी त्या लिहितात: ‘माझ्या थोरल्या जाऊबाई नेरुळला असतात. वय ५९, मधुमेह आहे, वजनही बरंच आहे, पाळी जाऊन आठ वर्षं झाली. दिवाळीत करंज्या करताना सहज बोलून गेल्या की दोन दिवस थोडा लाल डाग दिसला. संक्रांतीनंतर परत एकदा दिसला. उष्णता झाली म्हणून धन्या-जिऱ्याचं पाणी घेतात. पण त्यांच्या सोनोग्राफीत ६ मिमीच आलंय, माझ्या निम्म्याहून कमी, त्यामुळे त्यांची काळजी नाही. मला एवढंच सांगा, पिशवी काढू की सोनोग्राफी करत राहू?’

नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतेच, पण आधी वहिनींबद्दल, म्हणजे तुमच्या थोरल्या जाऊबाईंबद्दल बोलू. तुम्ही पत्रात त्यांना शेवटच्या पाच ओळी दिल्या आहेत आणि ‘काळजी नाही’ म्हणून विषय मिटवला आहे. मला जास्त काळजी त्यांची वाटते. दोघींपैकी आधी डॉक्टरांकडे कुणी जायचं असेल तर वहिनींनी, आणि तेही येत्या दोन आठवड्यांत. तुम्हीही जायचं आहेच. पण क्रम तुम्ही लावलात त्याच्या उलटा आहे.

असं का, ते सांगते, कारण ही गल्लत फक्त तुमची नाही. सोनोग्राफीचा कागद हातात आला की नजर आकड्यावर जाते. १४ मोठा, ६ लहान. म्हणजे १४ वाईट, ६ बरा. साखरेचा किंवा बीपीचा आकडा आपण असाच वाचतो. अस्तराच्या जाडीचा आकडा मात्र असा वाचता येत नाही. तो कुणाचा आहे, पाळी चालू आहे की गेली आहे, अंगावरून जातंय की नाही, हे सगळं बाजूला ठेवलं तर त्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही.

पाळी चालू असलेल्या बाईचं अस्तर महिनाभर एकसारखं राहत नाही. पाळी संपते तेव्हा ते दोन-चार मिमीवर आलेलं असतं. मग इस्ट्रोजेन या हार्मोनच्या जोरावर ते वाढतं, आणि पाळी यायच्या आधीच्या दिवसांत १४-१५ मिमी भरलं तरी त्यात नवल नसतं. तुमची सोनोग्राफी रक्तस्रावाच्या दोन दिवस आधीची, तीही अडीच महिने पाळी न आल्यानंतरची. पाळी जायच्या आसपासच्या वर्षांत पुष्कळ महिने बीज सुटतच नाही. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन तयार होत नाही, आणि अस्तराला ‘आता थांब आणि गळून जा’ हा निरोप मिळत नाही. ते वाढतच राहतं आणि एक दिवस वेडंवाकडं, भरमसाट गळायला लागतं. गाठी पडणं, पंधरा दिवस न थांबणं हे बहुतेक वेळा यातूनच होतं. म्हणजे तुमच्या अडीच महिन्यांनंतर अस्तर १४ मिमी निघालं, ते ५ निघालं असतं तर मला जास्त आश्चर्य वाटलं असतं.

तुम्ही वाचलेला ४ मिमीचा आकडा खरा आहे, पण तो तुमच्यासाठी नाही. पाळी जाऊन पूर्ण वर्ष उलटलं आहे आणि त्यानंतर अंगावरून गेलं, अशा बायकांसाठी तो ठरवलेला आहे. अशा बाईचं अस्तर आतून, म्हणजे योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत ४ मिमी किंवा त्याहून कमी आणि नीट स्पष्ट दिसलं, तर कॅन्सर नसण्याची खात्री ९९ टक्क्यांच्या वर असते. ४ च्या वर गेलं तर कॅन्सर आहे असं मुळीच नाही. तुकडा काढून तपासावा लागेल एवढंच त्यातून ठरतं.

आता हाच नियम वहिनींना लावून बघा. पाळी जाऊन आठ वर्षं. दोनदा डाग. अस्तर ६. तुम्हाला न लागणारा आकडा त्यांना तंतोतंत लागतो, आणि त्या तो ओलांडून बसल्या आहेत. त्यातून मधुमेह आणि वजन. अंडाशयं थकली तरी शरीरातली चरबी थोडं थोडं इस्ट्रोजेन बनवतच राहते, आणि त्याला अडवायला प्रोजेस्टेरॉन नसतं. म्हणून वजन जास्त असलेल्या बायकांमध्ये हा कॅन्सर अधिक दिसतो. मधुमेह, उच्च रक्तदाब, मूल न झालेलं असणं, पाळी फार उशिरा जाणं, आधी पीसीओएस (बीज वेळेवर न सुटण्याचा हार्मोनचा विकार) असणं, स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या चालू असणं, घरात आई-बहिणींना किंवा भावांना आतड्याचा अथवा गर्भाशयाचा कॅन्सर झालेला असणं, या गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तर आपणहून सांगायच्या.

तरीही घाबरून जायला नको, आणि वहिनींनाही घाबरवू नका. पाळी गेल्यानंतर अंगावरून गेलेल्या १०० बायकांमध्ये साधारण ९ जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर सापडतो. बाकीच्या ९१ जणींचं कारण वेगळं असतं: अस्तर किंवा योनीची त्वचा सुकून पातळ होणं, एखादा पॉलिप (अस्तराला फुटलेला मांसल कोंब), अस्तराची साधी वाढ, कधी गर्भाशयाच्या तोंडाशी काही. पण हा हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडावा लागतो. ज्यांना हा कॅन्सर होतो त्यांच्यातल्या १०० पैकी जवळपास ९० जणींना आधी रक्तस्राव दिसलेला असतो. पोटातले फार थोडे कॅन्सर इतक्या लवकर आणि इतकी स्वच्छ खूण देतात. आजार गर्भाशयापुरता असताना सापडला तर बहुतेक बायका बऱ्या होतात. पाच वर्षांनंतर १०० पैकी ९० हून जास्त जणी हयात असतात. वहिनींच्या शरीराने दिवाळीत खूण दिली, संक्रांतीनंतर परत दिली. आता तिसऱ्या खुणेची वाट बघायची नाही. धन्या-जिऱ्याचं पाणी खुशाल प्यावं, पण तपासणी त्यासाठी थांबवू नये.

डाग किती मोठा होता हेही महत्त्वाचं नाही. ‘थोडासाच होता’, ‘दोनच दिवस’, ‘लाल नव्हता, तपकिरी होता’ हे सगळं मी रोज ऐकते. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर दिसलेला रुपयाएवढा डागही तपासायचा असतो. तो लघवीतून किंवा मूळव्याधीतून आलेला निघाला तर उत्तमच, पण ते डॉक्टरांनी बघून ठरवू दे.

तुमच्यासारख्या पुष्कळ जणींची आणखी एक समजूत असते: ‘माझा पॅप नॉर्मल आहे, म्हणजे कॅन्सर नाही.’ पॅप तपासणी गर्भाशयाच्या तोंडासाठी असते. आतल्या अस्तराचं काय चाललंय हे ती सांगत नाही. पॅप करायचीच, पण तिच्यावर विसंबून अस्तराचा विषय बंद करायचा नाही. रक्तातली सीए-१२५ ही तपासणीही निदान करत नाही.

आता सोनोग्राफीबद्दल. वहिनींची सोनोग्राफी बहुधा पोटावरूनच झाली असणार, आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये असते तशी. पोटावर चरबी असेल तर काही मिमीच्या पट्ट्याचं माप त्यातून नेमकं मिळत नाही. त्यांचे ६ प्रत्यक्षात ४ असू शकतात किंवा ९. अस्तर बघायचं तर सोनोग्राफी आतून करावी लागते. त्यासाठी ढसाढसा पाणी पिऊन लघवी धरून बसायची गरज नाही, उलट लघवी करून यायचं. बोटाएवढ्या जाडीचा प्रोब, म्हणजे सोनोग्राफीची दांडी असते, त्यावर कंडोम चढवून जेल लावतात, आणि ती योनीमार्गात थोडी आत ठेवतात. पडद्यावर गर्भाशय उभं कापल्यासारखं दिसतं, मधोमध अस्तराचा पट्टा. डॉक्टर प्रोब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघतात, जिथे सगळ्यात जाड असेल तिथे थांबतात, पट्ट्याच्या अलीकडे-पलीकडे दोन छोट्या ‘+’ अशा खुणा ठेवतात, आणि कोपऱ्यात आकडा उमटतो. समोरचा आणि मागचा असे दोन्ही थर मिळून ते माप असतं. मध्ये पाणी साठलेलं असेल तर ते मापातून वगळतात. खूण एक-दोन मिमी इकडेतिकडे पडली तरी आकडा बदलतो, त्यामुळे ४ आणि ५ यांच्यात जीव टांगून ठेवू नये.

आकड्यापेक्षा डॉक्टरांच्या नजरेला जे दिसतं त्याला माझ्या मते जास्त किंमत आहे. अस्तर सगळीकडे सारखं आहे का, कडा कुठे पुसट झाली आहे का, रंगीत डॉपलरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) एकच रक्तवाहिनी आत शिरताना दिसतेय का. अशी एकच वाहिनी असेल तर बहुतेक वेळा पॉलिप निघतो. शंका राहिली तर बारीक नळीने थोडं सलाईन आत सोडून परत बघतात, म्हणजे पॉलिप पाण्यात वेगळा उठून दिसतो. आणि फायब्रॉइडच्या (गर्भाशयाच्या साध्या गाठीच्या) सावलीमुळे किंवा गर्भाशयाच्या ठेवणीमुळे अस्तर पूर्ण दिसलंच नाही, तर रिपोर्टमध्ये तसं लिहिलेलं हवं. ‘नीट दिसलं नाही’ आणि ‘नॉर्मल आहे’ या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या बाईला रक्तस्राव झालाय आणि अस्तर दिसत नाही, तिला पुढची तपासणी लागतेच.

आतून सोनोग्राफी म्हटलं की अनेक जणी अंग चोरतात, पाळी गेलेल्या बायका जास्त, कारण तिथली त्वचा सुकलेली असते आणि दुखेल अशी भीती असते. जेल जास्त लावा म्हणून सांगायला लाजू नका. हवं असेल तर प्रोबचं टोक स्वतःच्या हाताने आत घेता येतं. बाई डॉक्टर हव्यात, निदान एक बाई मदतनीस खोलीत हवी, हे अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर सांगा. दुखलं तर ‘थांबा’ म्हणा, थांबतात. ज्यांचा शरीरसंबंध कधीच आलेला नाही त्यांनी ते आधीच सांगावं, त्यांच्यासाठी दुसरे मार्ग आहेत.

तुमची सोनोग्राफी परत करायची असेल तर पाळी थांबल्यावर लगेचच्या दिवसांत करा, तेव्हा अस्तर सगळ्यात पातळ असतं आणि आत पॉलिप असेल तर दिसून येतो. दर महिन्याला करण्याचा यजमानांचा विचार काळजीपोटी आहे हे कळतं, पण त्यातून हाती काही लागणार नाही. या महिन्यात १४, पुढच्या महिन्यात ७, त्याच्या पुढे १२. प्रत्येक आकड्यासरशी घरात एकदा सुटकेचा श्वास आणि एकदा धसका. महिने जातील, पैसे जातील आणि प्रश्न जिथल्या तिथे राहील. सोनोग्राफी फक्त सावली बघते. अस्तराच्या पेशी कशा आहेत ते ती कितीही वेळा केली तरी कळत नाही. ते कळतं तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर, म्हणजे बायॉप्सीनेच.

आणि बायॉप्सी तुम्हालाही लागेल. १४ मिमीमुळे नाही. वय पंचेचाळिशीच्या पुढे आणि पाळी अशी बिघडलेली, एवढ्यासाठी. आपल्याकडे अनेक डॉक्टर चाळिशीनंतरच हा निकष लावतात. त्याआधी दोन-तीन साध्या गोष्टी उरकून घ्या. लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट: ४७ व्या वर्षी अडीच महिने पाळी आली नाही की ‘गेली बहुतेक’ असं गृहीत धरतात, पण टेस्ट न करता आत कसलीही नळी घालायची नसते. थायरॉइड. आणि हिमोग्लोबिन, कारण पंधरा दिवस रक्त गेल्यावर तुम्ही पतपेढीचा जिना चढताना धापा टाकत असाल तर त्याचं कारण कदाचित तेच असेल.

बायॉप्सी म्हणजे भूल देऊन मोठं काही, अशी कल्पना असेल तर ती काढून टाका. साधारण तीन मिमी जाडीची प्लॅस्टिकची लवचीक नळी गर्भाशयाच्या तोंडातून आत सरकवतात. आतला दट्ट्या मागे ओढला की हवा खेचली जाते आणि अस्तराचे बारीक तुकडे नळीत येतात. बाहेर काढल्यावर ते फॉर्मॅलिनच्या छोट्या बाटलीत झटकतात, लालसर धाग्यासारखे ते तरंगताना दिसतात. पाळीच्या पहिल्या दिवशी येते तशी कळ येते, थोडा वेळ जोरात. आधी वेदनाशामक गोळी घेऊन येऊ का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. थोडं बसून घरी जाता येतं. बाटलीवरचं नाव तुमच्या डोळ्यांसमोर लिहून घ्या. लॅबमध्ये बाटली तुम्हालाच पोचवायला सांगितली तर त्याच दिवशी पोचवा आणि पावती जपा.

या नळीचीही मर्यादा आहे. ती अस्तराचा काही भागच गोळा करते, एका कोपऱ्यातला पॉलिप तिच्या हातून सुटू शकतो. म्हणून सोनोग्राफीत एकाच जागी काही दिसत असेल, किंवा रिपोर्ट ‘पुरेसा नमुना नाही’ असा आला आणि अस्तर जाड असेल, किंवा रिपोर्ट चांगला येऊनही रक्त परत गेलं, तर दुर्बिणीतून आत बघून तिथलाच तुकडा घ्यायचा. वहिनींच्या बाबतीत हे पक्कं लक्षात ठेवा. आतून सोनोग्राफी केल्यावर समजा अस्तर ३ मिमी निघालं, तरी डाग आता दोनदा आलेला आहे. काही कॅन्सर पातळ अस्तरातही वाढतात. वारंवार रक्त येत असेल तर आकडा कितीही लहान असो, तुकडा काढायचाच.

याच्या उलट परिस्थितीही ठाण्यात आता रोज दिसते. पाळी जाऊन दहा वर्षं झाली, अंगावरून एकदाही गेलेलं नाही, आणि पॅकेजच्या सोनोग्राफीत अस्तर ७ आलं. अशा बाईला ४ चा नियम जसाच्या तसा लावत नाहीत. रक्तस्राव नसेल तर साधारण ११ मिमीच्या पुढे किंवा इतर धोके असतील तर पुढे जायचा विचार होतो. तिने डॉक्टरांशी बोलावं, रात्र जागवू नये.

आता पिशवी काढण्याबद्दल, जो तुमचा खरा प्रश्न होता.

तुकड्याचा रिपोर्ट हातात नसताना पिशवी काढू नका. हे मी अगदी ठामपणे सांगते. समजा रिपोर्ट साधा आला: हार्मोनच्या गडबडीने वाढलेलं अस्तर. त्याला गोळ्या आहेत, हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी दिसणारी वस्तू आहे, ती पाच वर्षं आत राहते आणि रक्तस्राव बऱ्याच अंशी बंद करते. तुमचं वय ४७. आपल्याकडे पाळी जायचं सरासरी वय साधारण ४६-४७ आहे. जी गोष्ट थोड्या काळात आपोआप थांबणार तिच्यासाठी मोठं ऑपरेशन कशाला? समजा रिपोर्टमध्ये अस्तराची जास्त वाढ आली, पण पेशी बिघडलेल्या नाहीत. तिचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होण्याचं प्रमाण वीस वर्षांत १०० पैकी पाचहून कमी, आणि बहुतेक वेळा प्रोजेस्टेरॉनने ती मागे फिरते. सहा महिन्यांनी परत तुकडा बघायचा. पेशी बिघडलेल्या निघाल्या तर गोष्ट गंभीर, कारण काही अभ्यासांत अशा १०० पैकी ४० च्या आसपास बायकांच्या काढलेल्या गर्भाशयात कॅन्सर आधीच लपलेला सापडला आहे. तिथे पिशवी काढणं हाच सहसा सल्ला असतो.

आणि कॅन्सरच निघाला तर? तेव्हाही ‘जवळच्या’ ठिकाणी घाईने पिशवी काढणं चूकच. कॅन्सरचं ऑपरेशन वेगळं असतं. आधी एमआरआय करून आजार गर्भाशयाच्या भिंतीत किती खोल गेलाय ते बघतात. मग गर्भाशय, दोन्ही नळ्या आणि अंडाशयं अखंड काढतात, लसिकाग्रंथी तपासतात, आणि हे या कामात मुरलेल्या सर्जनने करायचं असतं. साधी पिशवी समजून ऑपरेशन केलं, दुर्बिणीतून काढताना ती आतल्या आत कापली, आणि आठवड्याने रिपोर्टमध्ये कॅन्सर आला, तर आजार पसरवल्यासारखं होतं आणि बाईला दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं. साधं कारण असो की गंभीर, दोन्हीकडे आंधळेपणाने पिशवी काढल्याने नुकसान बाईचंच.

‘वय झालंच आहे, मुलं झालीत, आता पिशवीचा उपयोग काय’ हे वाक्य मला सहन होत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीच्या बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या ते २०१९ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने वाचलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अनावश्यक पिशव्या काढण्याबद्दल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितलं. सुशिक्षित घोडबंदर रोडवरही तेच वाक्य तुम्हाला ऐकवलं गेलं, आणि ऐकवणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, पण कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला लावणं आणि कॅन्सर आहे का ते मात्र न तपासणं, याला वैद्यकीय सल्ला म्हणता येत नाही. त्या डॉक्टरांना फक्त एवढं विचारा: ‘आधी बायॉप्सी करायची ना?’ उत्तर टाळलं गेलं तर दुसरं मत घ्या. तेही बोलताना सगळे रिपोर्ट पुढ्यात ठेवून.

वहिनींशी कसं बोलायचं? थोरल्या जावेला ‘तुम्हाला तपासणीची गरज आहे’ असं धाकटीने सांगणं सगळ्या घरांत सोपं नसतं. ज्या अर्थी त्या करंज्या लाटताना तुमच्याशी हे बोलल्या, त्या अर्थी त्यांनी विश्वासाने एक गोष्ट तुमच्यापाशी ठेवली आहे; घरात दुसऱ्या कुणाला बहुधा ठाऊकही नसेल. म्हणून ती कुटुंबाच्या ग्रुपवर किंवा मोठ्या दिरांसमोर काढू नका. त्यांना फोन करा आणि सरळ सांगा, ‘वहिनी, मला तपासणीला जायचंय, भीती वाटतेय, तुम्ही सोबत या, आणि तुमचाही तो डाग दाखवून घेऊ.’ यात खोटं काहीच नाही. नेरुळहून ठाण्याला ट्रान्स-हार्बरची थेट गाडी आहे. नाहीतर तुम्ही तिकडे जा. एकाच डॉक्टरांकडे लागोपाठच्या दोन वेळा घ्या. त्यांनी ‘आता या वयात कशाला’ म्हटलं, तर या वयात म्हणूनच जायचं आहे, हे त्यांना सांगा. ५९ व्या वर्षी डाग येणं नेहमीचं नाही; ४७ व्या वर्षी येणं पुष्कळदा नेहमीचंच असतं.

खर्चाचा प्रश्न असेल तर आतून तपासणी, सोनोग्राफी, बायॉप्सी हे सगळं महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतही होतं, ठाण्यात कळव्याला आणि नवी मुंबईत वाशीला चौकशी करा. पुढे काही गंभीर निघालं तर खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं अॅक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र वहिनींच्या घरापासून फार लांब नाही, आणि परळचं टाटा आहेच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखवून आधीच विचारून घ्या. मोठ्या रुग्णालयात गेल्यावर बायॉप्सीच्या स्लाइड आणि तुकडा बसवलेले मेणाचे ठोकळे परत तपासायला मागतात. रिपोर्टचा कागद मिळाला म्हणून ते लॅबमध्येच विसरू नका.

तुमच्यासाठी एक धोक्याची खूण सांगून ठेवते. तासाला एक पॅड भिजतंय आणि असं दोन तास चाललंय, चक्कर येतेय, छातीत धडधडतंय, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ रुग्णालयात जा.

जाताना काय न्यायचं: दोघींचे जुने सोनोग्राफी रिपोर्ट, तुमच्या गेल्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा आठवतील तशा, आणि वहिनींच्या दोन्ही डागांचे दिवस. वहिनींच्या रोजच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, नावं तोंडी सांगत बसू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करायची नाही, वेळ ठरवतानाच डॉक्टरांना सांगायची. नळीची बायॉप्सी असेल तर उपाशी जायची गरज नसते, मधुमेह असलेल्या बाईने तर जाऊच नये. दुर्बिणीने, भूल देऊन करायची ठरली तर उपाशी राहावं लागतं, तेव्हा सकाळची साखरेची गोळी किंवा इन्शुलिन घ्यायचं की नाही हे आदल्या दिवशीच विचारून कागदावर लिहून घ्या.